मन्नूबियाच्या हमामचा पडदा

मन्नूबियाला फुटबॉलचं वेड आहे हे आमच्या गल्लीतल्या मांजरांनाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त हमामच्या मालकाला. सामन्याच्या दिवशी ती रेडिओ पंच्यांच्या चळतीत खुपसून ठेवायची आणि मालक दारात आला की त्या चळतीवरच फतकल मारायची. खालून समालोचकाचा घुसमटलेला आवाज येत राहायचा आणि ही बाई कपाळावर आठीही न आणता म्हणायची, "शेजारचा रेडिओ आहे, सीदी. किती पातळ भिंती बांधल्यात तुमच्या वाडवडिलांनी!"

ट्युनिसच्या जुन्या शहरात, आमच्या वेशीत, सगळे नारिंगी. बंदराकडचे सगळे निळे. हे दोन संघ एकमेकांशी खेळायचे त्या दिवशी बंदरावरची मासळीसुद्धा आमच्याकडे कुणी विकत घ्यायचं नाही. निळ्यांच्या हातची मासळी नको म्हणजे नको, त्यापेक्षा हरिसाची तिखट चटणी लावून कोरडा पाव खाऊ.

हमाम मात्र सगळ्यांना मिळून एकच, म्हणून वेळा वाटून घेतलेल्या. सकाळी आणि सूर्य मावळल्यावर पुरुष, मधली सगळी दुपार बायकांची. बायकांची वेळ झाली की मन्नूबिया दारावर लाल पट्ट्यांचा जुना पडदा सोडायची. बस्स. कडी नाही, कुलूप नाही. दाराच्या फळ्या वाफेने अशा फुगल्या होत्या की दार कित्येक वर्षांत मिटलंच नव्हतं, आणि ते मिटावं असं कुणाला वाटलंही नव्हतं. पडदा सोडला की बायका आत निर्धास्त बसायच्या, अंगावर धड चिंधी नसली तरी. एकदा पाइप फुटला तेव्हा नळवाला उंबऱ्याबाहेर पाठ करून उभा राहिला, तिथूनच ओरडून सांगत होता, आणि आत मन्नूबिया पाना फिरवत होती. तिची सगळी अब्रू त्या पडद्यात होती. मालक दरमहा पगार द्यायचा, पण बायका यायच्या त्या तिच्या शब्दावर.

तिचा एकुलता एक मुलगा फरजानी. नवरा वारला तेव्हा हा रांगत होता, म्हणून तो या हमामातच वाढला. पंच्यांवर झोपला, तांब्याच्या बादलीवर ताल धरायला शिकला. जरा मोठा झाला तेव्हा एका दुपारी लल्ला बेया, म्हणजे आमच्या गल्लीतली सगळ्यात म्हातारी आणि सगळ्यात फटकळ बाई, त्याच्याकडे बघून म्हणाली, "मन्नूबिया, हा मेला आता टकामका बघायला लागलाय. पुढच्या खेपेला याच्या काकांनाही घेऊन ये!" बायका खो खो हसल्या. मन्नूबियाने त्याच क्षणी पोराला दंडाला धरून पडद्याबाहेर उभं केलं. सगळी दुपार तो पडद्याला गाल लावून हमसून हमसून रडला, पण आत काही आला नाही.

तो फरजानी आता नारिंगी पोरांचा म्होरक्या झाला होता. मैदानात ढोल वाजवायचा, घोषणा जुळवायचा, आणि गेल्या वर्षी दगडफेकीत पकडला गेला होता. सोडताना न्यायाधीशबाईंनी मन्नूबियाच्या देखत बजावलं होतं की पुन्हा कुणाचं डोकं फुटलं आणि त्यात तू सापडलास, तर तरुणपण गजाआड जाईल. तेव्हापासून मन्नूबियाच्या जिवाला तो एकच घोर. सामना हवा, आरडाओरडा हवा, पण पोरगा संध्याकाळी घरी हवा. त्या दिवशी सकाळी तिने त्याला पावावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती.

"शपथ, यम्मा! कॅफेत बसूनच बघतो," तो म्हणाला होता.

दुपारी बघते तर खुंटीवरचा नारिंगी मफलर गायब.

"येऊ दे घरी, तंगडंच मोडते," ती स्वतःशी म्हणाली आणि कामाला लागली, कारण काम डोक्यावर होतं. लल्ला बेयाच्या नातीचं, युसराचं लग्न. नवरीची न्हाणी त्याच दुपारी. सामन्याच्या दिवशी कशाला ठरवलीत, असं मन्नूबियाने महिन्यापूर्वीच विचारून पाहिलं होतं, तर लल्ला बेया म्हणाली होती, "लग्न माझ्या नातीचं आहे, रेफरीचं नाही."

तर अशी ती दुपार. आत मेणबत्त्या लावलेल्या, बायकांची झुंबड, केसांना लावायच्या मातीचा वास, कुणी नवरीची पाठ घासतंय, कुणी गातंय, आणि मधूनच जिभा नाचवून "लूलूलूलू" असा घोष उठतोय की घुमट दणाणतोय. बाहेरच्या देवडीत मन्नूबिया एक कान आत आणि दुसरा पंच्यांच्या चळतीत लावून बसलेली. निळे एका गोलने पुढे होते. तिला सुखाने श्वासही घेता येत नव्हता.

अगदी शेवटाला आमच्या संघातल्या एका पोराने चेंडू जाळ्यात मारला. मन्नूबिया उडालीच. पंच्यांची चळत जमिनीवर, रेडिओ त्यावर पालथा, आणि ती आत धावत गेली. "गोऽऽल! बायांनो, बरोबरी!" आतला कल्लोळ काय सांगावा! नवरीसुद्धा साबणाच्या फेसासकट नाचली. आणि मन्नूबिया परत देवडीत येते तो समालोचक म्हणतोय, ऑफसाइड. गोल दिला नाही.

"मुडदा बशिवला त्याचा!" अंग घासायचा खरखरीत हातमोजा तिने भिंतीवर भिरकावला. "ऑफसाइड? आंधळ्या! तुझ्या डोळ्यांत मिरच्या घालू का?"

रेडिओवर आता समालोचकाचं ऐकू येत नव्हतं, नुसता गदारोळ. लोक मैदानात उतरले, खुर्च्या उखडल्या, सामना थांबवला. आणि खरं सांगायचं तर मन्नूबियाला आनंद झाला. अंगावर काटा आला तिच्या. "बरं झालं! मोडा! तोडा!" ती रेडिओला सांगत होती.

मैदान आमच्या वेशीपासून हाकेच्या अंतरावर. थोड्याच वेळात दंगल पायीपायी गल्लीच्या तोंडाशी आली. आधी दुकानांची शटरं धडाधड पडली, मग पोलिसांच्या अश्रुधुराच्या नळकांड्यांचे फटाफट आवाज, मग जळक्या रबराचा वास. बंदराकडे पळणारी निळी पोरं वाट चुकून आमच्या गल्ल्यांत शिरली होती आणि मागे आमची पोरं लागली होती. गच्च्यांवरून बायका ओरडत होत्या, कुणी पाणी ओतत होतं, कुणी कांदे मारत होतं. मन्नूबिया पडद्याबाहेर उंबऱ्यावर उभी राहिली. लढाईला निघाल्यासारखा पदर खोचला नव्हता एवढंच, बाकी आवेश तसाच. दोन निळे तिच्यासमोरून पळत गेले तशी ती हात उंचावून ओरडली, "हाणा रे! सोडू नका! हाणा!"

तेवढ्यात तिसरा आला. तो पळत नव्हता, भिंतीला धरून लंगडत येत होता. विशीतला पोरगा. कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळं रक्त, गळ्यात निळा मफलर. हमामच्या दाराशी आला, आत शिरायला पाऊल उचललं आणि पडदा पाहून थांबला. एवढा जिवावर बेतलेला, पण थांबला! पडद्याला हातही न लावता तिथेच उंबऱ्याशी खाली बसला आणि म्हणाला, "खाल्ती, मावशी, आत बायका आहेत का?"

मन्नूबियाने वर केलेला हात खाली घेतला.

मागून गल्लीत पोरांचा लोंढा येत होता. "इकडे गेला! इकडे!" आणि त्यातला एक आवाज तिने ओळखला. तो आवाज तिने पोटातून जन्माला घातला होता. फरजानी येत होता, पोरांच्या पुढे, आणि या पोराला शोधत होता. हा पोरगा इथे फरजानीच्या हातून मेला, की दोन्ही पोरं गेली. एक मातीत, एक तुरुंगात. तिला ते डोळ्यांसमोर स्वच्छ दिसलं.

आत घ्यावं, तर आत अर्ध्या गल्लीच्या लेकीसुना, त्यात लग्नाची नवरी. पडदा सोडलेला असताना पुरुष आत घेतला, तर उद्यापासून त्या पडद्याला विचारतो कोण? गपचूप घ्यावं का? देवडीत लपवावं, कुणाला कळणारही नाही. पण गपचूप करायचं तर मग पडदा कशाला? तिने पडद्यात डोकं घातलं आणि सगळा घुमट ऐकेल अशा आवाजात म्हणाली, "बायांनो! दारात एक पोरगा आहे. डोकं फुटलंय. मागे मारेकरी लागलेत. तुम्ही हो म्हणालात तर आत घेते. एकीनेही नाही म्हटलं तर नाही."

गाणं थांबलं. 

"कुणाचा पोरगा?" लल्ला बेयाचा आवाज आला.

"ओळखीचा नाही." मन्नूबिया म्हणाली. "निळा आहे."

आत कुजबूज उठली. कुणीतरी पुटपुटलं, "निळा? आजच्या दिवशी?" गल्लीतला गलका वळणापर्यंत आला होता.

"मग काय झालं?" लल्ला बेया खेकसली. "निळा आहे म्हणून काय आईच्या पोटी आला नाही? दारात मेला तर माझ्या नातीच्या न्हाणीला रक्त लागेल! आण आत. आणि डोळे बांध मेल्याचे, कशाने तरी!"

मन्नूबियाने पोराच्या गळ्यातला निळा मफलर ओढून काढला आणि त्याच मफलरने त्याचे डोळे करकचून बांधले. "याचा आज पहिल्यांदाच काहीतरी उपयोग झाला," ती म्हणाली, त्याला बखोटीला धरून देवडीत ओढलं आणि पंच्यांच्या ढिगावर आडवं केलं. आतून नवरीची बहीण सलवा पंचा गुंडाळत धावत आली. ती दवाखान्यात परिचारिका. तिने जखमेवर पंचा दाबून धरला.

"नाव काय तुझं?" सलवाने विचारलं.

"शिहाब."

"शिहाब, हलू नकोस. आणि पट्टी काढलीस तर दुसरी जखम मी करीन."

मन्नूबिया बाहेर येऊन पडद्यापुढे उभी राहिली, आणि त्याच क्षणी फरजानी समोर आला. घामाने निथळत होता, डोळे धुराने लाल, मफलर तोंडाला बांधलेला. हातात लोखंडी गज. मन्नूबियाने तो गज पाहिला आणि तिच्या अंगाची लाही लाही झाली. तो हमामच्या भट्टीतला गज होता. रोज पहाटे ती त्यानेच निखारे सारायची. घरचाच.

"यम्मा, बाजूला हो. तो आत शिरलाय."

"कोण?"

"नाटक करू नकोस! उंबऱ्यावर रक्त आहे."

"आहे. आणि पडदा सोडलाय, तोही दिसतोय ना?"

मागची पोरं गल्लीभर दाटली होती. त्यातला एक ओरडला, "फरजानी, तुझ्या आईने निळ्याला लपवलाय! आण त्याला बाहेर, नाहीतर आम्ही जातो!"

"या की!" मन्नूबियाने कमरेवर हात ठेवले. "कोण येतंय? तू, दाढीवाल्या? तुझी आई आत केसांना माती लावून बसलीय. ये, नमस्कार कर तिला तशाच अवस्थेत!"

आतून एक बाई गरजली, "कोण, हम्मादी आहे का तो? थांब, बाहेर येते मी, तुझं कातडं घासून काढते!" आणि दाढीवाला हम्मादी दोन पावलं मागे सरकला. पोरं एकमेकांकडे बघू लागली. कुणाची आई, कुणाची बहीण, कुणाची होणारी बायको. नारिंगी गल्लीतलं कोण आत नव्हतं? आतून एकेक आवाज येत गेला, एकेक नाव घेऊन, आणि एकेक पोरगा पांगत गेला. हसावं की रडावं कळू नये असा तो प्रकार होता.

फरजानी मात्र हलला नाही. त्याची आई आत नव्हती, समोर होती. त्याच्या नाकपुड्या फुलल्या होत्या. "त्यांनी माझ्या जोडीच्या ढोलवाल्याचा हात मोडला, यम्मा. मी पाहिलं. गोल चोरला आणि वर हात मोडला."

"याने मोडला?"

फरजानी उंबऱ्यावरच्या रक्ताकडे पाहू लागला.

"याने मोडला का, ते सांग!"

"निळाच होता कुणीतरी."

"कुणीतरी!" मन्नूबियाचा आवाज फाटला. "सकाळी पावावर हात ठेवलास ना रे? तो पाव मी भिजवला होता. बरं. उचल पडदा. मी अडवणार नाही. मी एवढंच करीन, गल्लीत दारोदार जाऊन सांगेन की पडदा उचलणारा माझा मुलगा होता. मग न्यायाधीश काय शिक्षा देईल ती देईल."

फरजानीने डावा हात पुढे केला. बोटं पडद्याच्या कडेला लागली. लाल पट्टे विटले होते, कड उसवली होती, पण कापड तेच. मन्नूबिया बघत होती. तिने हात वर केला नाही, डोळे मिटले नाहीत. त्याची बोटं त्या कडेवर तशीच राहिली, आणि मग त्याने ती मागे घेतली.

"आत जिवंत आहे ना तो?" त्याने विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"आहे अजून. ठेवायचा की नाही, तुझ्यावर आहे. दे तो गज इकडे."

त्याने गज दिला. मन्नूबियाने तो भिंतीला टेकवला, आणि दुसऱ्या हाताने त्याच्या मुस्कटात अशी एक ठेवून दिली की समोरच्या गच्चीवरची बाई "अगाई गं" म्हणाली.

तेवढ्यात सलवाने पडद्यातून तोंड बाहेर काढलं. "खाल्ती, टाके पडणार. डोक्याची जखम आहे, दवाखाना गाठायलाच हवा. अँब्युलन्सवाले म्हणतात रस्ता मोकळा झाल्याशिवाय येत नाही."

रस्त्यावर तर एका टोकाला आमची पोरं, दुसऱ्या टोकाला पोलीस. निळ्याला तिथून नेणार कसं? मन्नूबियाने डोकं खाजवलं. मग आतून लल्ला बेया म्हणाली, "न्हाणी झाली. नवरी घरी निघायला हवी. नवरीची वाट आजवर कुणी अडवलीय का?"

मन्नूबियाने पडद्यातून डोकं घालून तिच्याकडे बघितलं, आणि दोघी एकदम हसल्या.

घटकाभरात हमामातून नवरीची मिरवणूक निघाली. बायकांनी अंगावर पांढऱ्या सफसाऱ्या गुंडाळलेल्या, डोक्यापासून पायापर्यंत, हातात मेणबत्त्या. मध्ये नवरी युसरा. आणि नवरीच्या शेजारी सलवाच्या आधाराने चालणारी एक उंच, लंगडी, पांढरी सफसारी, जिच्याखाली नायकीचे बूट दिसत होते. शिहाबच्या डोळ्यांवरची पट्टी काढली होती, पण मान वर करायची नाही अशी लल्ला बेयाची ताकीद होती. "वर बघितलंस तर डोकं मी पुन्हा फोडीन."

रिवाज असा की पुढे न्हाणीची तांब्याची बादली घेऊन घरचा एक मुलगा चालतो. मन्नूबियाने ती बादली फरजानीच्या हातात दिली. "चल. आणि वाजव."

तो जरा घुटमळला. मग त्याने बादली काखेत धरली आणि बोटांनी ताल धरला, लहानपणी इथेच शिकलेला. बायकांनी "लूलूलूलू" सुरू केलं. गल्लीच्या तोंडाशी आमची पोरं दगड घेऊन उभी होती. बादलीचा आवाज ऐकून त्यांनी वळून पाहिलं. म्होरक्या बादली बडवतोय, मागे नवरी! दगड खाली पडले, वाट झाली. हम्मादीने तर मैदानात नेलेला ढोल गळ्यात घेतला आणि ताल उचलला. त्याच्या आईला खूश करायचं होतं त्याला. बघता बघता सगळी गल्ली टाळ्या वाजवू लागली. मन्नूबियाच्या अंगावर रोमांच उठले. जन्मात एवढा मोठा गोल तिने पाहिला नव्हता.

पोलिसांच्या रांगेपुढे बादलीचे ठोके जरा चुकले. ढालीमागचा एक शिपाई त्या लंगड्या सफसारीकडे आणि बुटांकडे टक लावून बघत होता. लल्ला बेया त्याच्यापुढे जाऊन म्हणाली, "काय रे, नवरीच्या आत्याकडे बघतोस? घरी कुणी नाही वाटतं?" शिपाई ओशाळला. ढाली बाजूला झाल्या.

दवाखान्याच्या फाटकात शिहाब पायरीवर बसला. त्याने सफसारी डोक्यावरून मागे सारली. समोर बादली घेतलेला फरजानी. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी शिहाबच म्हणाला, "तो शेवटचा गोल... दिला का रे मग?"

"दिला नाही! चोरलात!"

"ऑफसाइड होता."

"कुठला ऑफसाइड? तुझं डोकं फुटलंय म्हणून सोडतो—"

"गप्प!" मन्नूबिया ओरडली, आणि दोघंही गप्प झाले. मग तिला राहवेना. "ऑफसाइड नव्हताच," ती म्हणाली.

सलवा शिहाबला आत घेऊन गेली. फरजानीही आईबरोबर परत निघणार होता, पण म्हणाला, "टाके पडेपर्यंत थांबतो, यम्मा. त्याच्या आईला फोन करायचा आहे." मन्नूबिया बादली घेऊन एकटीच परत आली.

सूर्य बुडाला. गल्लीत जळक्या रबराचा वास तेवढा उरला होता, आणि काचा झाडण्याचा आवाज. मन्नूबियाने देवडीतलं रक्त पुसलं, पंचे भिजत घातले. मग पडदा काढला, घडी घातली आणि कोनाड्यात ठेवला. पुरुषांची वेळ सुरू झाली होती. आत अजून कुणी नव्हतं. अशा दिवशी कोण येतंय अंघोळीला. भिंतीला टेकवलेला गज तिने भट्टीत नेऊन ठेवला.

परत आली तो दाराबाहेर पावलं वाजली. फरजानी होता. मफलर खिशात कोंबलेला, गालावर तिच्या पाच बोटांचे वळ अजून लाल. दार सताड उघडं होतं, समोर काहीही नव्हतं. तरी तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला, मान खाली घालून.

"यम्मा," त्याने विचारलं, "आत येऊ का?"